ट्रॉलीची पिन काढली, तरी भीती?

प्रश्न : उसाची रिकामी ट्रॉली रात्री फडातच सोडतो. ट्रॅक्टरला जोडायची पिन घरी आणली की पुरे ना?

उत्तर : नाही दादा. पिन चोर स्वतःची आणतो. अडवायची ती दांडीच्या टोकाची कडी. वेल्डरकडून तिच्या भोकात घट्ट बसेल असा जाड बोल्ट करून घ्या, खालच्या टोकाला आरपार भोक पाडून कुलूप घाला. कुलपावर जाड पत्र्याची पेटी हवीच. पेटीशिवायचं कुलूप कटावणीने तुटतं. तरीही साखळी बांधून ट्रॉली ओढून नेता येते, म्हणून चाक आणि अॅक्सल साखळीने जखडा. आणि माझं कळकळीचं सांगणं : चेसिस नंबर पुसट झाला असेल तर त्याचा फोटो आजच काढा, कागदपत्रांशी ताडून पाहा. ट्रॉली सापडल्यावर ती तुमचीच हे त्यावरून पटवता येईल.