स्कूबाचा पहिला कोर्स: तारकर्ली, अंदमान की थायलंड?

प्रश्न: मी ३१ वर्षांचा आहे. सांगलीत गणपती पेठेत स्टेशनरीचं दुकान आहे. दुकानाचा खर्च (भाडं आणि कामाच्या पोराचा पगार मिळून १७ हजार) वजा जाता घरी महिन्याला ५५ हजार येतात, घराचा हप्ता १४,२०० आहे. स्कूबा डायव्हिंगचा प्राथमिक कोर्स करायची फार इच्छा आहे. राहणं-जेवण-प्रवास धरून तारकर्लीला ३७ हजार, अंदमानला ८० हजार आणि दिवाळीच्या सुट्टीत मित्रांबरोबर सहा दिवस थायलंडला गेलो तर ७९ हजार असा हिशेब निघतोय. आरडीचे ६० हजार सप्टेंबरमध्ये हातात येतील. कमी पडणारे वीस हजार १ लाख ९० हजारांच्या एफडीतून काढू, की ट्रॅव्हल कंपनी देतेय ते सहा हप्ते घेऊ? आणि जाऊ कुठे?

उत्तर: आधी एफडीचं बोलतो, कारण माझ्या लेखी तो प्रश्न सगळ्यात सोपा आहे. तिला हात लावू नका. दुकान बंद राहिलं तरी घरखर्च ३० हजार धरला, त्यात हप्ता, दुकानाचं भाडं आणि पोराचा पगार मिळून ३१,२०० मिळवले, तर महिन्याला ६१,२०० लागतात. अडीनडीला तीन महिन्यांचा खर्च बाजूला हवा, तो होतो १ लाख ८३ हजार ६००. म्हणजे तुमची एफडी जेमतेम पुरेशी आहे, जास्तीची नाही. आणि तुमचं दुकान गणपती पेठेत आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा पेठेतल्या कागदाच्या मालाचं काय झालं हे मी तुम्हाला सांगायची गरज नाही. २०२१ ला पुन्हा पाणी आलं. सांगलीतल्या दुकानदाराची अडीनडीची रक्कम पावसाळाभर जागेवरच हवी.

हप्तेही नकोत. 'बिनव्याजी' म्हटलं तरी प्रक्रिया शुल्क असतं, कार्डावरचा हप्ता असेल तर व्याजाच्या भागावर जीएसटी लागतो, आणि रोख भरणाऱ्याला मिळणारी सवलत तुम्हाला मिळत नाही. हौसेचं कर्ज हौस फिटल्यावर फेडावं लागतं, ते फार जड जातं. तेव्हा बजेट साठ हजारांचं. आता त्यात काय बसतं ते बघू.

तिन्ही ठिकाणी कोर्सची निव्वळ फी साधारण सारखीच असते. फरक पडतो तो विमान, बोटी आणि मुक्कामाने. कोर्स मात्र तोच आहे. पाडी किंवा एसएसआय या संस्थांचा ओपन वॉटर कोर्स म्हणजे थिअरी, उथळ पाण्यातला सराव आणि समुद्रात चार डाइव्ह, म्हणजे पाण्याखालच्या फेऱ्या. तो पास झालात की दुसऱ्या डायव्हरला जोडीला घेऊन १८ मीटर खोलीपर्यंत जायची मुभा देणारं सर्टिफिकेट मिळतं, आणि ते जगभर चालतं. तारकर्लीला काढलेलं कार्ड अंदमानात कमी प्रतीचं ठरत नाही.

एक घोटाळा टाळा. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ हजार-दोन हजारांत जे स्कूबा करवतात, तो कोर्स नव्हे. तिथे प्रशिक्षक तुम्हाला धरून खाली नेतो, फोटो काढतो, वर आणतो. अनुभव म्हणून छान आहे, पण सर्टिफिकेट मिळत नाही. दरपत्रक घेताना 'ओपन वॉटर कोर्स' हेच शब्द वापरा आणि लेखी घ्या.

थायलंडचं मी स्पष्टच सांगतो, या सहलीत नको. को ताओ बेटावर नवशिक्यांचे कोर्स उत्तम होतात यात शंका नाही. पण कोर्सला तीन ते चार दिवस लागतात, बँकॉकहून बेटावर पोचायला बस आणि बोट, आणि सलग काही दिवस डाइव्ह केल्यावर विमानात बसण्याआधी किमान १८ तास थांबावं लागतं. रक्तात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला तेवढा वेळ लागतो. सहा दिवसांत हे बसत नाही. शिवाय दिवाळीच्या सुमारास थायलंडच्या आखातात पावसाळी दिवस असतात. मित्रांना परतीचं विमान पकडायचं असणार, तुमची चौथी डाइव्ह राहिलेली असणार. वरून बऱ्याच क्रेडिट कार्डांवर परदेशी खर्चाला साडेतीन टक्क्यांपर्यंत आकार लागतो, तो तुमच्या ७९ हजारांत धरलेला दिसत नाही.

हे मी अनुभवाने बोलतोय. काही वर्षांपूर्वी एका बेटावर मी चार दिवसांच्या सहलीत हाच कोर्स कोंबला होता. दुसऱ्या दिवशी सर्दी झाली, कानावरचा दाब सुटेना. प्रशिक्षकाने खाली न्यायला नकार दिला, आणि त्याचं बरोबरच होतं. माझ्याकडे थांबायला एकही जास्तीचा दिवस नव्हता. फी गेली, सर्टिफिकेट नाही, आणि पुढची दोन वर्षं मी त्या वाटेला गेलो नाही. त्या दिवसापासून मी कोर्सची फी नंतर बघतो, आधी रिकामे दिवस मोजतो.

अंदमानच्या बाजूने खरं बोलायचं तर एक मुद्दा फार वजनदार आहे. हॅवलॉक, म्हणजे स्वराज द्वीपचं पाणी मालवणपेक्षा पुष्कळ नितळ असतं. पहिल्याच डाइव्हला प्रवाळ लख्ख दिसले की माणूस कायमचा या छंदाचा होतो. गढूळ पाण्यात शिकून नाद सोडणारेही असतात. तुमच्याकडे आज ९० हजार मोकळे असते तर मी अंदमानच सांगितलं असतं. साठ हजारांत ते करायचं म्हणजे एकेक दिवस कापत जायचं, आणि नेमके तेच दिवस कापायचे नाहीत.

म्हणून तारकर्ली. एमटीडीसीच्या स्कूबा केंद्रात सरावासाठी खोल तलाव आहे, तेव्हा समुद्र खवळला तरी सुरुवातीचा सराव अडत नाही. प्रशिक्षकाशी मराठीत बोलता येतं. पाण्याखाली शब्द चालत नाहीत, त्यामुळे वरती सगळं नीट समजणं फार महत्त्वाचं, आणि घाबरल्यावर माणूस आपल्याच भाषेत प्रश्न विचारतो. डिसेंबर-जानेवारी ठेवा. पाऊस गेलेला असेल, आरडी हातात असेल. नाताळचा आठवडा तेवढा टाळा, मालवणात पाय ठेवायला जागा नसते.

३७ हजार गेल्यावर उरतात २३ हजार. त्यातले पहिले पोहण्यावर घाला. कोर्समध्ये २०० मीटर न थांबता पोहून दाखवावं लागतं आणि १० मिनिटं तरंगावं लागतं. कृष्णेत भोपळा बांधून शिकला असाल तर हे अवघड नाही, पण सवय मोडली असेल तर दोन महिने तलावाची फी भरा. मग कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा. कोर्सआधी आरोग्याचा फॉर्म भरावा लागतो. दमा, कानाचं जुनं दुखणं, हृदयाचा त्रास असं काही असेल तर डॉक्टरांची सही लागते. तपासणी ॲडव्हान्स भरण्याच्या आधी, नंतर नाही.

विमा काढून वाचा. आपल्याकडच्या आरोग्य विम्याच्या ठरीव अटींत स्कूबाचं नाव घेऊन वगळणूक असते, पण ती व्यावसायिक म्हणून भाग घेणाऱ्यांसाठी. हौशी माणूस त्यात आपोआप येत नाही. तरी अपघात विम्याच्या अटी वेगळ्या असतात, म्हणून दोन्ही कंपन्यांना ईमेलने विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

केंद्राला फोन कराल तेव्हा एका प्रशिक्षकामागे किती जण असतात, सर्टिफिकेटची फी आणि बोट आत धरली आहे का, आणि तब्येत किंवा समुद्रामुळे कोर्स अर्धा राहिला तर उरलेला भाग पुन्हा पैसे न भरता कधीपर्यंत पूर्ण करता येईल, हे विचारा. शेवटच्या प्रश्नाला धड उत्तर मिळालं नाही तर दुसरं केंद्र बघा.

मुक्काम दोन रात्री जास्तीचा धरा. एक सर्दी-वाऱ्यासाठी, दुसरी घाटासाठी. आंबोली जवळपास ७०० मीटर उंचीवर आहे, आणि विमानाला जो थांबण्याचा नियम तोच विचार इतक्या उंचीच्या घाटालाही लागू होतो. दुपारी डाइव्ह संपवून संध्याकाळी गाडी सांगलीकडे काढायची नाही. त्या रात्री मालवणातच राहा, दुसऱ्या दिवशी जेवून निघा.