कोविडमध्ये किडनी बिघडली तर डायलिसिस कायमचं लागतं का?
मिरजेत आयसीयूत असलेल्या वडिलांचं क्रिएटिनिन (किडनी गाळते तो रक्तातला कचरा, किडनी बिघडली की वाढतो) 1.1 वरून 2.4 झालं, डायलिसिस सांगितलंय, म्हणजे किडनी कायमची गेली का असं विचारलंय तुम्ही, तर लगेच तसं धरून बसू नका. ऑक्सिजन कमी, बीपी पडलेलं, इन्फेक्शनचा दाह, बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या, त्यात काही औषधं, या सगळ्याचा मार किडनीवर बसतो, शुगर-बीपीवाल्यांना जास्तच. 48 तासांत क्रिएटिनिन 0.3 नी वाढलं तरी डॉक्टर ती किडनीला झालेली इजाच मानतात. यातून वाचलेल्या बऱ्याच जणांचं डायलिसिस पुढं सुटतं. लघवी किती होतेय ते रोज विचारा. आणि घरी आल्यावर अंग दुखतंय म्हणून मेडिकलमधून डायक्लोफिनॅक ही किडनीला मारक ठरू शकणारी दुखण्याची गोळी आणून देऊ नका, हात जोडून सांगतो. 3 महिन्यांनी क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रोटीन तपासून घ्या.