शिकाऊ फार्मसिस्टशी दुजाभाव होतोय, काय करू?

प्रश्न : रुग्णालयाच्या औषध विभागात चार फार्मसी विद्यार्थी माझ्या हाताखाली शिकताहेत. त्यांतल्या एकीची बोलण्याची ढब वेगळी आहे. कर्मचारी तिची नक्कल करतात, रुग्णांशी बोलायचं काम इतरांनाच देतात. मधल्या मूल्यमापनात एका सहकाऱ्यानं तिच्यापुढे 'आत्मविश्वास कमी' एवढंच लिहिलंय.

उत्तर : आधी कामाची वाटणी तपासा. रुग्णाला औषध समजावणं, चिठ्ठी पडताळणं, डोसबद्दल डॉक्टरांना फोन करणं, माल लावणं, मुदत संपलेला साठा वेगळा काढणं; गेल्या दोन आठवड्यांत यांतलं काय कोणी किती वेळा केलं, ते मांडा. दुजाभाव बहुधा इथेच उघडा पडतो. सगळे दिवस माल लावण्यात गेले, तर आत्मविश्वास येणार कुठून? पुढची वाटणी आधीच लिहून भिंतीवर लावा. 'कोण करतंय?' असं विचारून काम दिलं की पुढे पुढे करणाऱ्यालाच ते मिळतं.

तो शेरा मात्र परत पाठवा. त्यातून तिला सुधारण्याजोगं काही कळत नाही, आणि ढब ऐकून झालेलं मत त्यामागे सहज लपतं. डोळ्यांनी पाहिलं तेवढंच लिहायला सांगा. उदाहरणार्थ, दाबायचा इनहेलर समजावताना तो आधी हलवायला सांगितला का? श्वास पूर्ण सोडायला? दाबतानाच सावकाश, खोल श्वास घेऊन सुमारे १० सेकंद रोखायला? स्टेरॉइड असेल तर नंतर चूळ भरायला? शेवटी रुग्णाकडून करवून घेतलं का? हेच मुद्दे चौघांनाही लावा आणि तक्ता त्याच दिवशी भरा. आठवड्यानं आठवून भरला की त्यात मतच जास्त उतरतं.

नक्कल कानावर पडली की तिथल्या तिथे थांबवा. 'कुणाच्या बोलण्याची नक्कल इथे चालणार नाही,' एवढं पुरे. सविस्तर बोलणं नंतर, एकांतात. तिलाही वेगळं भेटा, घडलं ते तुम्ही पाहिलंय हे सांगा, तिला काय हवंय ते विचारा. 'मनावर घेऊ नकोस' असं कृपा करून म्हणू नका; पुढच्या वेळी ती काहीच सांगणार नाही. प्रकार पुन्हा घडला, तर तारखेसह नोंद करून महाविद्यालयाच्या समन्वयकांना कळवा.

प्रश्न : रुग्णच 'हिच्याकडून औषध नको' म्हणाला तर?

उत्तर : कारण विचारा. नाजूक दुखण्याबद्दल बोलायचं असेल किंवा शिकाऊ व्यक्ती नको असेल, तर तो त्याचा हक्क. जात, धर्म, रंग किंवा भाषेमुळे नको असेल, तर शांतपणे सांगा, 'या आमच्यापैकीच आहेत आणि त्यांचं काम मी स्वतः तपासणार आहे.' तरीही ऐकलं नाही, तर औषध अडवू नका, तुम्ही द्या. तिला मात्र आतल्या खोलीत पाठवू नका. पुढचा रुग्ण तिच्याकडेच सोपवा.