नवीन पीसी जोडला, पंखे फिरतात पण स्क्रीन काळीच. खराब पार्ट कसा ओळखायचा?

विक्रेता तुम्हाला म्हणाला, "नवीन पार्ट खराब निघत नाहीत, जोडणीत तुम्हीच चुकलात." हे धादांत खोटं आहे. नवीन पार्ट खराब निघतात, वॉरंटी असते ती त्यासाठीच. फक्त पुरावा आपल्याला जमवावा लागतो.

बोर्ड (मदरबोर्ड, ज्यावर सगळे पार्ट बसतात) कॅबिनेटबाहेर काढून त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा. प्रोसेसर, कूलर, रॅमची एक स्टिक, २४ पिनची आणि प्रोसेसरची ८ पिनची वायर, बस्स. प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसेल (इंटेलचे 'एफ'वाले) तर ग्राफिक्स कार्डही लागेल. बोर्डावरच्या पॉवर स्विचच्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरने क्षणभर टेकवा. बाहेर चालला आणि आत चालत नसेल, तर बहुतेक बोर्डामागे जास्तीचा स्टँडऑफ (बोर्ड कॅबिनेटपासून उचलून धरणारा पितळी खुंट) टेकतोय. रॅम डीडीआर५ प्रकारची असेल तर पहिल्यांदा मेमरी ट्रेनिंगमध्ये (बोर्ड रॅमशी जुळवून घेतो तेव्हा) कित्येक मिनिटं स्क्रीन काळी राहू शकते. पंधरा मिनिटं हात लावू नका.

आता रॅम. बहुतेकांची फसगत इथेच होते. बोर्डावरचा डीरॅमचा (म्हणजे रॅमचा) इशारा देणारा दिवा पेटला की लोक रॅम परत पाठवतात. तो दिवा गाडी कुठे अडली एवढंच सांगतो, का अडली ते नाही. रॅम हाताळणारा मेमरी कंट्रोलर प्रोसेसरच्या आत असतो, त्यामुळे सॉकेटमधली (प्रोसेसर बसतो त्या जागेतली) एक वाकलेली पिन किंवा एका बाजूने जास्त आवळलेला कूलरही हाच दिवा पेटवतो. म्हणून पहिली स्टिक ए२ स्लॉटमध्ये (चार स्लॉटच्या बोर्डावर प्रोसेसरपासून दुसरा) लावून बघा, मग त्याच स्लॉटमध्ये दुसरी. नंतर चांगली वाटणारी स्टिक बी२ मध्ये (चौथा स्लॉट). दोष स्टिकबरोबर फिरला तर स्टिक खराब. दोष स्लॉटलाच चिकटून राहिला तर प्रोसेसर काढा आणि मोबाइलच्या टॉर्चच्या तिरक्या उजेडात सॉकेटच्या पिना बघा. एएमडीचं एएम४ सॉकेट असेल तर पिना प्रोसेसरलाच असतात, तिथे बघा.

स्क्रीन आली म्हणजे सुटलात असं नाही. पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६+ (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) चे चार पास, म्हणजे चार पूर्ण फेऱ्या, करा. एकही एरर चालणार नाही. याच मुद्द्यावर माझे कित्येकांशी वाद झालेत. एक्सएमपी म्हणजे रॅम खोक्यावर छापलेल्या वेगाने चालवणारी बायोसमधली (बोर्डाच्या मूळ सॉफ्टवेअरमधली) सेटिंग. ते म्हणतात, "एक्सएमपी बंद करून ४८०० वर चालव, विंडोज उघडतंय ना, मग झालं की!" नाही झालं. खोक्यावर ६००० छापून ६००० चे पैसे घेतले असतील, तर ती ६००० वर चाललीच पाहिजे. आणि ४८०० वरही एरर देणारी स्टिक फाइली गुपचूप नासवते, महिन्यांनंतर फोटो उघडेनासे होतात तेव्हा कळतं. एक स्टिक खराब असली तरी पूर्ण जोडीच बदलून मागा.

एररमध्ये ज्या पार्टचं नाव येतं तोच दोषी असतो, असंही नाही. इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये गडबड होती, तेव्हा गेम्स "व्हिडिओ मेमरी संपली" म्हणून बंद पडायचे. लोक ग्राफिक्स कार्डाला दोष देत बसले आणि बिघडत होता प्रोसेसर, वाजवीपेक्षा जास्त व्होल्टेजमुळे. ऑगस्ट २०२४ मध्ये त्यासाठी नवा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सॉफ्टवेअरचा अपडेट) आला, वॉरंटीही दोन वर्षांनी वाढली; पण आधीच बिघडलेला प्रोसेसर त्या अपडेटने सुधारत नाही, तो बदलूनच घ्यावा लागतो.

पॉवर सप्लायची पेपरक्लिप टेस्ट (२४ पिनच्या प्लगमधल्या दोन पिना क्लिपने जोडून तो एकटाच चालू करणं) फारशी कामाची नाही. तो चालू होतो एवढंच कळतं, लोडवर टिकतो का ते कळत नाही. १२ व्होल्टची लाइन लोडवर ११.४ च्या खाली गेली तर सरळ परत करा. आणि दुसऱ्या पॉवर सप्लायच्या मॉड्युलर (सुट्या होणाऱ्या) वायरी वापरून 'टेस्ट' करू नका. प्लग बसतो, पण पिनांची रचना वेगळी असू शकते, आणि एसएसडी जळते.

एक्सएमपीबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली: तांत्रिकदृष्ट्या ते ओव्हरक्लॉकिंगच (ठरलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवणं) आहे. चार स्टिका लावून ६००० ची अपेक्षा धरली असेल किंवा रॅम बोर्ड बनवणाऱ्या कंपनीने तपासलेल्या रॅमच्या यादीत नसेल, तर आधी बायोस अपडेट करा, दोनच स्टिका ठेवा, आणि मगच भांडा.

भांडायला जाताना एररचे फोटो, बिल आणि सिरियल नंबर हाताशी ठेवा. सॉकेटवरचं प्लास्टिकचं झाकण फेकू नका. ते नसेल तर बोर्ड परत घ्यायला नकार मिळू शकतो.