‘मेटाडेटा’ला ‘अधिविदा’ म्हणावे का?

चोपड्याच्या एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या ताईंनी शंका विचारली आहे. सातपुड्यातील पक्ष्यांच्या नोंदी ‘आयपीटी’ या सॉफ्टवेअरमधून ‘जीबिफ’ या जागतिक जैवविविधता-जाळ्यावर देण्यासाठी त्या विद्यार्थ्यांकरिता मराठी टिपण तयार करीत आहेत. त्यात ‘मेटाडेटा’साठी ‘अधिविदा’ (‘विदा’ म्हणजे डेटा) लिहिले, तर मुले त्याचा अर्थ ‘अधिक विदा’ असा घेतात आणि तो भाग सवडीने भरण्यासाठी मागे ठेवतात. मग सरळ ‘जास्तीची माहिती’ म्हणावे का?

माझे मत असे की ‘अधिविदा’ हाच शब्द ठेवावा आणि ‘जास्तीची माहिती’ कटाक्षाने टाळावे. मुलांची चूक स्वाभाविक आहे, कारण ‘अधिक मास’ आपल्या कानांवर लहानपणापासून पडलेला असतो. परंतु ‘अधि’ या उपसर्गाचा आणखी एक अर्थ ‘त्याविषयीचे’ असा आहे. ‘अध्यात्म’ म्हणजे जास्तीचा आत्मा नव्हे, आत्म्याविषयीचे ते अध्यात्म. तसेच विदाविषयीची जी माहिती, ती अधिविदा. मूळ ग्रीक ‘मेटा’चा अर्थ ‘नंतर’ किंवा ‘पलीकडे’ असा होता आणि ‘स्वतःविषयीचे’ ही छटा त्याला पुढे चिकटली. आपल्या ‘अधि’मध्ये ती आधीपासूनच आहे.

‘विषयीचे’ म्हटले की कशाविषयीचे, हे ठरवावेच लागते, आणि खरी गफलत तिथे होते. खानदेशातील रानपिंगळा या दुर्मीळ घुबडाचेच उदाहरण घ्या. जेम्स डेव्हिडसन या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८८० च्या दशकात खानदेशात मिळवलेला एक नमुना लंडनच्या संग्रहालयातून रिचर्ड माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश पक्षी-संग्राहकाने चोरला आणि गुजरातेतील तापीकाठचे मांडवी व १९१४ हे साल लिहिलेली खोटी चिठ्ठी त्याच्या पायाला बांधली. पक्षी खरा होता, खोटी होती ती चिठ्ठी. तरी तिच्या भरवशावर शोध घेणारे भलतीकडे फिरले. पुढे १९९७ च्या नोव्हेंबरमध्ये हा पक्षी शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी पुन्हा दिसला, तेव्हा शोधकांनी जुन्या खऱ्या नमुन्यांच्या ठिकाणांवर भिस्त ठेवली होती. अशा माहितीला ‘जास्तीची’ कसे म्हणावे?

संग्रहालयाच्या कप्प्यात पक्षी ही वस्तू आणि चिठ्ठी ही तिच्याविषयीची माहिती असते. तीच चिठ्ठी संगणकात उतरली, की ठिकाण, दिनांक आणि निरीक्षक हे ‘डार्विन कोअर’ या, जैवविविधतेच्या नोंदींचे रकाने ठरवून देणाऱ्या प्रमाणाचे रकाने होतात, म्हणजे चिठ्ठीच विदा बनते आणि अधिविदा एक मजला वर चढते. आयपीटीमध्ये हे दोन्ही मजले वेगळे राखलेले आहेत. नोंदींचे रकाने एका बाजूला जुळवायचे असतात. नोंदींच्या संपूर्ण संचाचे शीर्षक, निर्माते, भूक्षेत्र, कालखंड, कोणत्या जीवगटांच्या नोंदी आहेत, त्या कोणत्या पद्धतीने घेतल्या आणि वापराचा परवाना कोणता, हे दुसरीकडे भरायचे असते आणि ते ‘ईएमएल’ या अधिविदेसाठीच्या प्रमाण स्वरूपात साठवले जाते. म्हणून ‘१२ जानेवारी, यावल अभयारण्य’ हा एका नोंदीचा तपशील ताईंनी आपल्या टिपणात ‘अधिविदा’ या मथळ्याखाली देऊ नये.

आयपीटीमधील अधिविदेच्या अर्जातील भाषेच्या दोन चौकटी वर्गात अवश्य दाखवाव्यात. एक चौकट अधिविदेची भाषा विचारते, तर दुसरी प्रत्यक्ष विदासंचाची. संचाचे वर्णन इंग्रजीत लिहिले आणि रकान्यांमधील मजकूर मराठीत असला, तर दोन्ही चौकटींत वेगवेगळी उत्तरे येतील. एवढे एकदा भरून पाहिले, की ‘अधि’चा अर्थ मुलांना वेगळा समजावून द्यावा लागणार नाही.

टिपणात मथळा ‘अधिविदा’ असाच द्यावा आणि त्याखाली लहान अक्षरांत ‘संपूर्ण विदासंचाचे वर्णन’ असे लिहावे. ‘माहितीची माहिती’ हा पर्याय कानाला गोड लागतो, पण कोणत्या माहितीची हे तो सांगत नाही, म्हणून तो मी सुचवणार नाही.