अर्डुइनोवर (प्रोग्राम करता येणाऱ्या छोट्या बोर्डावर) 5 मीटरची रंगीत एलईडी पट्टी लावली, पण शेवटाकडे पांढरा रंग लालसर का दिसतो?

भाऊ, प्रोग्राममध्ये काही चूक नाही. वीज कमी पडते आहे. आमच्या यवतमाळकडच्या गावात दुर्गादेवीच्या मंडपात मीही हेच भोगलं, अन् दोन रात्री कोड तपासण्यात घालवल्या!

डब्ल्यूएस2812बी (प्रत्येक दिव्याचा रंग वेगळा ठरवता येणाऱ्या) पट्टीत मीटरला 60 एलईडी धरले तर 5 मीटरला 300. पूर्ण पांढऱ्या उजेडात एक एलईडी साधारण 60 मिलिअँपिअर ओढतो, म्हणजे 18 अँपिअर. अर्डुइनो उनो बोर्डाच्या 5 व्होल्टच्या पिनवर हा भार टाकूच नका, बोर्ड जळेल. पट्टीतला तांब्याचा थर पातळ असतो, म्हणून टोकापर्यंत व्होल्टेज घसरतं; निळा-हिरवा आधी मंदावतो, लाल तग धरतो.

5 व्होल्ट 20 अँपिअरचा एसएमपीएस (घरच्या 230 व्होल्टचे 5 व्होल्ट करणारा पॉवर सप्लाय) घ्या, जाड वायरीने दोन्ही टोकांना वीज द्या. बोर्ड अन् एसएमपीएसचा ग्राउंड (ऋण टोक) एकमेकांना जोडायला विसरू नका, नाहीतर पट्टी वेड्यासारखी लुकलुकते. बोर्डाकडून रंगाचा सिग्नल नेणाऱ्या डेटा वायरीत पट्टीजवळ 330 ओहमचा रेझिस्टर टाका. पट्टी चालवणाऱ्या फास्टएलईडी लायब्ररीत ब्राइटनेस 255 ऐवजी 80 ठेवला तरी मंडपाला भरपूर होतो. एसएमपीएसची 230 व्होल्टची बाजू मात्र झाकून ठेवा, पोरं हात लावतातच.