मळ्यात राहतो, चार-पाच वर्षांच्या मुलीला धोके कसे शिकवावेत? (नाशिक)

नुसतं "हात लावू नकोस" म्हणून या वयात भागत नाही. काय होतं ते दाखवावं लागतं. चहाच्या कोमट कपाला बोट लावू द्या, "गॅसवरचं पातेलं याहून कितीतरी गरम" म्हणा, पुरे.

द्राक्षाच्या मळ्यात राहताय तर माझ्या मते सगळ्यात आधी शेततळं. आतला प्लॅस्टिकचा कागद ओला झाला, त्यावर शेवाळ धरलं, की पोहता येणाऱ्या मोठ्या माणसालाही वर चढता येत नाही. तिला कडेवर घेऊन जा, कागदावर खडा सोडा, कसा घरंगळत पाण्यात जातो ते बघू द्या. "बॉल पडला तर आपण जायचं नाही, बाबांना हाक मारायची" हे तिच्याच तोंडून वदवून घ्या. तरीही कुंपण आणि कडेला पक्का बांधलेला दोर हवाच. एवढ्याशा पोरीच्या आठवणीवर तळं सोडू नये.

फवारणीचं औषध कोल्ड्रिंकच्या बाटलीत काढून ठेवत असाल तर आजच बंद करा. हा धडा मुलीचा नाही, घरातल्या मोठ्यांचा.

११२ हा तातडीच्या मदतीचा नंबर, स्वतःचं पूर्ण नाव आणि गाव मात्र पाठ करून घ्या. चालीवर म्हटलं की पटकन होतं.